काळ्या काचांची स्विफ्ट मूळ रूपात आणताना: कोल्हापुरातल्या अकरा आठवड्यांच्या नोंदी

३१ मे २०२५, शनिवार

गाडी घरी आली. स्विफ्ट झेडडीआय, २०१७ चं मॉडेल, डिझेल, ८९ हजार किलोमीटर पळालेली. कागलच्या एका तरुणाकडून ३ लाख ९० हजारांना घेतली. ताई गगनबावड्याच्या वाटेवर एका आरोग्य केंद्रात नर्स आहे. रात्रपाळी सुटली की एसटी नसते, मग भर पावसात स्कूटर. यंदा पाऊस मे महिन्यातच आला, म्हणून मी घाई केली.

गाडी दिसायला मॅट काळी. काचा काळ्या, चाकं मोठी, पुढं क्रोमचं गार्ड, स्टिअरिंग लहान आणि लाल शिलाईचं. नंबरप्लेटवरच्या आकड्यांना अशी वळणं दिलेली की लांबून ‘पापा’ वाचावं. सायलेन्सरचा आवाज गल्लीच्या टोकाला गाडी वळली की आईला कळतो. मला हे सगळं ‘वरचं काम’ वाटलं, सावकाश काढू म्हटलं. आरसी ताईनं हातात घेतली आणि म्हणाली, “अरे, यात रंग पांढरा लिहिलाय.”

पैसे देण्याआधी आरसी आणि गाडी शेजारी ठेवून ओळ न ओळ जुळवायला हवी होती. तेवढं केलं असतं तर पुढचं निम्मं लिहावं लागलं नसतं. अशा कितीतरी स्विफ्ट आज बाजारात आहेत, कोणी घेतली असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवतोय.

२ जून, सोमवार

संध्याकाळी सातला कावळा नाक्यावर अडवलं. समोर दहा-बारा गाड्या होत्या, हात माझ्याच गाडीला झाला. काळी फिल्म ५००, नंबरप्लेट ५००, सायलेन्सर १,०००. मशीनमध्ये नंबर टाकल्यावर आधीच्या मालकाची जुनी चलनं निघाली, ५,५०० रुपयांची. चलन गाडीच्या नंबरावर असतं, मालक बदलला म्हणून ते पुसलं जात नाही. गाडी घेण्याआधी नंबर टाकून बघायला दोन मिनिटं लागली असती.

साहेब चिडलेले नव्हते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि बोटांवर मोजलं: रंग, गार्ड, चाकं, दिवे, हॉर्न. म्हणाले, “आज तीनच लावतोय. पण कायद्यात एकेका बदलाला पाच हजार आहेत. घरी जाऊन वाचा.”

घरी जाऊन वाचलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: उत्पादकानं जशी गाडी दिली आणि आरसीवर जी नोंद झाली, तिच्यात फरक पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं कलम १८२अ, पोटकलम ४: असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच सांगितलं की मूळ रचनेत मनानं फेरफार चालणार नाही. “बदल मी केले नाहीत, गाडी अशीच घेतली” हे मी साहेबांना सांगून बघितलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, “चालवतंय कोण?”

५ जून, गुरुवार

आज मनाला लागलं. ताईला रात्री सव्वाअकराला फुलेवाडीजवळ नाकाबंदीत थांबवलं. काचा इतक्या काळ्या की आत बाई आहे हेच बाहेरून दिसलं नाही. टॉर्च मारून काच खाली करायला लावली. ती गणवेशात होती. महिला हवालदार होत्या, नीट बोलल्या, पण फिल्मचे दुसऱ्यांदा म्हणून १,५०० झाले. ताई मला दंडाबद्दल काही बोलली नाही. ती म्हणाली, “मला डाव्या आरशात काहीच दिसत नाही रे. साळवणच्या पुढं तर मी काच खाली करून भिजत चालवली.”

सहा दिवसांत चार वेळा गाडी अडवली गेली आहे. दोनदा दंड, दोनदा नुसती चौकशी.

८ जून, रविवार

फिल्म काढली. मूळ काचेतून पुढं-मागं किमान ७० टक्के आणि बाजूंनी किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, हा नियम जुना आहे. २७ एप्रिल २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं वरून फिल्म चिकटवायलाच मनाई केली. २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं मानकात बसणाऱ्या फिल्मच्या बाजूनं निकाल दिला, त्याचा कागद घेऊन काही जण फिरतात. माझ्या फिल्ममधून दुपारी पेपर वाचता येत नव्हता, त्यामुळे तो वाद मला लागूच नाही.

हीट गन दिवसाच्या भाड्यानं आणली, साबण-पाणी, फडकी, सगळं मिळून ६५० रुपये. दारांच्या चार काचा दोन तासांत झाल्या. वरचा कोपरा गरम करायचा, नखानं सोडवायचा आणि खाली ओढत जायचं, एका हातानं गनचा वारा फिल्म आणि काचेच्या फटीत धरायचा. घाईनं ओढलं की गोंद काचेवरच राहतो.

मागच्या काचेवर मी मोठी चूक केली. फिल्म तुटून तुकडे होऊ लागले म्हणून ब्लेड घेतलं. झेडडीआयच्या मागच्या काचेला आतून डीफॉगरच्या, म्हणजे काच गरम करून वाफ घालवणाऱ्या, बारीक तारा असतात, हे माहीत असून हात चालवला. पाच तारा कापल्या गेल्या. बरोबर पद्धत शेजारच्या मुलानं नंतर सांगितली: आतून साबणाचं पाणी मारायचं, काळी प्लास्टिकची पिशवी चिकटवायची, बाहेरून काच गरम करत राहायची, तासाभरानं फिल्म आडवी, तारांच्या दिशेनं सोलायची. ब्लेड मागच्या काचेजवळ न्यायचंच नाही. चांदीचा वाहक पेंट मागवला, १,१५० रुपये.

ताई ड्रायव्हरच्या सीटवर बसली, दोन्ही आरसे बघितले आणि लगेच चावी मागितली.

११ जून, बुधवार

नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट बसवून घ्यायची आहे, मुदत तेव्हा ३० जूनपर्यंत होती. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून नोंदणी केली. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये १० पैसे. चासी आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे लागतात, आरसी समोर ठेवूनच बसा. तारीख मिळाली २४ जुलैची.

तोपर्यंत ‘पापा’ घेऊन फिरायचं नाही. पेंटरकडून साधी पांढरी प्लेट, काळे सरळ इंग्रजी अक्षर-आकडे, अशी तात्पुरती करून घेतली आणि नोंदणीची पावती डॅशबोर्डात ठेवली.

१५ जून, रविवार

काळं रॅप, म्हणजे मूळ रंगावर चिकटवलेलं पातळ आवरण, काढलं. रंग बदलायचा तर आधी आरटीओची परवानगी आणि मग आरसीवर नोंद लागते. नुसतं रॅप आहे, रंग नाही, असं दुकानदार सांगतात. पण रस्त्यात पोलीस आरसीवरचा रंग आणि समोरची गाडी बघतो.

हे काम घरी करू नका. बॉनेटवर दोन फूट सोलून बघितलं आणि हात थांबवला. रॅप काढणाऱ्याला ४,००० दिले. डाव्या मडगार्डवर रॅपबरोबर रंगाचे पापुद्रे निघाले आणि खाली निघाली लांबी, म्हणजे पोचे बुजवायची पुट्टी. जाड लांबी, चुंबक धरेना एवढी. गाडी डावीकडून कधीतरी चांगलीच ठोकलेली आहे आणि काळ्या कपड्यानं ते झाकलं होतं. मडगार्ड सरळ करून रंगवायला ६,५०० लागले.

विकणाऱ्याला फोन केला. “मी पण अशीच घेतली होती,” म्हणाला. खरं असेलही.

पांढरी गाडी अंगणात उभी राहिल्यावर आई पहिल्यांदा तिच्यात बसली.

२२ जून, रविवार

उद्यमनगर. मामांच्या गॅरेजात गाडी रॅम्पवर चढवली. मामा चाळीस वर्षं हेच काम करतायत. जुन्या जीपगाड्यांना हवे तसे हूड आणि बंपर बसवून देण्यात त्यांची जवानी गेली. या नोंदीतलं खरं ज्ञान त्यांचं आहे.

चाकं १६ इंची, टायर २०५/४५. मूळ १५ इंची, १८५/६५. गणित सोपं आहे. मूळ चाकाचा व्यास साधारण ६२१ मिलिमीटर, याचा ५९१. चाक पाच टक्के लहान, त्यामुळे वेगाचा काटा आणि किलोमीटर दोन्ही जास्त दाखवतात. रिमच्या आत स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, घालून चाक बाहेर काढलेलं, ते मडगार्डच्या कडेबाहेर येऊन बाजूच्या स्कूटरवाल्यावर चिखल उडवायचं.

गाडी खाली बसलेली का, ते वर बघितल्यावर कळलं. मामांनी टॉर्च धरला आणि गप्प झाले. पुढच्या दोन्ही स्प्रिंगांचा एकेक वेढा ग्राइंडरनं कापलेला. खालची स्प्रिंग आणली असती तरी एक वेळ समजलं असतं. कापलेल्या स्प्रिंगचं टोक बैठकीत नीट बसत नाही, खड्ड्यातून चाक खाली लोंबलं की ती जागेवरून सरकू शकते. गगनबावड्याच्या रस्त्यावर खड्डे किती आहेत ते मी सांगायला नको.

“हे ज्यानं केलंय, त्यो मिस्त्री न्हवं,” मामा म्हणाले.

पुढच्या नव्या स्प्रिंगांची जोडी ५,८००, मजुरी १,८००. जुनी मूळ अलॉय चाकं ९,००० ला मिळाली, नवे चार टायर २१,६००. स्पेसर काढून टाकले.

पुढचं गार्ड चार बोल्टवर निघालं, दहा मिनिटं. मामांनी ते बाजूला ठेवताना सहज विचारलं, “एअरबॅगा हायत नव्हं गाडीत?” मी म्हटलं, आहेत की, झेडडीआय आहे, दोन आहेत. ते आत जाऊन स्टिअरिंगसमोर बसले. मग मला हाक मारली.

“भावा, ह्या स्टिअरिंगात एअरबॅग कुठाय?”

तीन आठवडे ते स्टिअरिंग मी रोज हातात धरत होतो. एअरबॅग स्टिअरिंगच्या पोटात असते, आणि लाल शिलाईच्या या स्टिअरिंगच्या मधोमध फक्त हॉर्नचं बटण आहे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो, म्हणजे सगळं ठीक, असं मी धरून चाललो होतो. मामांनी खालचं आवरण उघडलं. एअरबॅगच्या वायरच्या टोकाला एक छोटा रेझिस्टर टेपनं गुंडाळलेला. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं बॅग जागेवर आहे, म्हणून दिवा गप्प.

आजवर अडवणाऱ्या एकाही पोलिसाला हे दिसणं शक्य नव्हतं. काच, रंग, आवाज बाहेरून दिसतो-ऐकू येतो. ज्यानं काचा काळ्या केल्या त्यानंच बॅग काढली आणि दिवा फसवला. बाहेरच्या गोष्टींमुळे नाक्यावर थांबलो, म्हणून गाडी रॅम्पवर आली, आणि म्हणून हे कळलं. ताई या गाडीतून तीन आठवडे रात्री-अपरात्री फिरली.

संध्याकाळी तिला सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग स्कूटरची चावी खुंटीवरून काढून पर्समध्ये टाकली. एअरबॅग बसेपर्यंत ती ही गाडी चालवणार नाही.

गार्डबद्दल: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवून गाड्यांवरचे क्रॅश गार्ड आणि बुल बार रोखायला सांगितलं होतं. पुढून धडक बसली की चिरडायला ठेवलेला भाग चिरडत नाही, दणका वेगळ्या वाटेनं जातो आणि सेन्सरचा अंदाज चुकतो. समोर पायी चालणारा असेल तर लोखंड थेट त्याच्या हाडांवर. आमच्या गाडीत गार्ड होतं आणि बॅग नव्हती.

२६ जून, गुरुवार

एअरबॅगची मागणी अधिकृत डीलरकडे नोंदवली. स्टिअरिंग, ड्रायव्हरची एअरबॅग, त्यामागची क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंग फिरतानाही बॅगेची वायर जोडलेली ठेवते ती) आणि बसवणावळ मिळून ३६,४०० चं एस्टिमेट. भंगारातली बॅग निम्म्याहून कमी पैशांत मिळत होती. ती पाण्यात बुडालेल्या गाडीची आहे की आपटलेल्या, हे कोण सांगणार? त्या एका वस्तूवर पैसे वाचवायचे नाहीत, असं आई म्हणाली आणि तिनं भिशीचे वीस हजार पुढं केले.

परत येताना रंकाळ्यावर पुन्हा अडवलं. काचा स्वच्छ, रंग पांढरा, प्लेट सरळ. हवालदार पाठमोरे होते, आवाज ऐकून वळले. काम चालू असल्याच्या पावत्या दाखवल्या, सोडलं. “पहिलं ते करायचं होतं,” म्हणाले. खरं आहे. पुन्हा करायचं असतं तर मी काचा आणि सायलेन्सर पहिल्याच आठवड्यात केले असते.

२८ जून, शनिवार

दिवे आणि हॉर्न. प्रेशर हॉर्न, त्याचा कॉम्प्रेसर, वायर असं सगळं उपटून मूळ हॉर्न जोडला. वेगवेगळ्या सुरांत वाजणारा हॉर्न नियमातच बसत नाही.

हेडलाइटमध्ये निळसर पांढरे एलईडी घातलेले. मूळ बल्ब एच-४, ६०/५५ वॅटचा. परावर्तकाचा आकार त्या बल्बच्या तारेच्या नेमक्या जागेसाठी बेतलेला असतो. एलईडीचा प्रकाश दुसऱ्याच जागेवरून निघतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला ताईला डिपर मारायचा आणि ती म्हणायची, मी तर खालचाच लाइट लावलाय. धुक्यात तर पांढरी भिंतच उभी राहायची.

होल्डर तपकिरी पडून वितळलेला निघाला. एलईडीच्या आधी कोणीतरी १००/९० वॅटचे बल्ब चालवले असणार. दोन नवे होल्डर, दोन साधे चांगले बल्ब, वायर, मजुरी: १,९००.

बल्ब बदलून भागत नाही, दिवे जुळवावे लागतात. सपाट जागेत भिंतीपासून दहा मीटरवर गाडी लावली, टायरची हवा बरोबर, ड्रायव्हरच्या जागी ताई. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं आखली आणि खालच्या लाइटची कड तिच्या दहा सेंटीमीटर खाली आणली. खर्च शून्य, वेळ अर्धा तास.

५ जुलै, शनिवार

सायलेन्सर. दोन शनिवार याच्यावर गेले.

इंजिनपासून मागपर्यंत सरळ नळी. मधला कॅट-कॉन, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, कापून विकलेला; त्यात प्लॅटिनमसारखे धातू असतात म्हणून त्याला भंगारातही भाव येतो. विकणाऱ्यानं ‘फ्री फ्लो’ म्हणून जे कौतुक सांगितलं होतं, ते हे. टर्बोच्या डिझेल गाडीत अशा नळीनं ओढ फारशी वाढत नाही, आवाज आणि वास तेवढा वाढतो.

नवा मूळ भाग परवडेना. गेल्या शनिवारी मी परस्पर एक जुना कॅट-कॉन ३,००० ला आणला, २०११ च्या आधीच्या स्विफ्टचा. इंजिन तेच ना, मग बसेल, असं गृहीत धरलं. हँगरच्या जागा जुळल्या नाहीत, नळीचं वळणही वेगळं. मामांनी हात लावायला नकार दिला. “जोडून देतो म्हणलं तर दीन, पण सहा म्हैन्यात खाली लोंबंल.” तीन हजार बुडाले.

आज त्यांनीच अपघातात गेलेल्या २०१६ च्या गाडीचा शोधून दिला, १२,५००. नळ्या आणि सायलेन्सर ७,२००, मजुरी २,५००. थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हच्या तोंडावर पत्रा ठोकलेला होता, तोही काढला.

गाडी सुरू केली. मामांनी रेडिओ बंद केला आणि आम्ही दोघं मागं जाऊन उभे राहिलो. इंजिन चालू आहे का हे बघायला मला हात लावावा लागला.

९ जुलै, बुधवार

पीयूसी. जुनं प्रमाणपत्र सप्टेंबरपर्यंत वैध होतं. कॅट-कॉन नसलेल्या, काळा धूर ओकणाऱ्या गाडीला ते मिळालं, म्हणजे नळीत प्रोब कोणी घातलाच नसणार. मी पुन्हा खरी चाचणी करून घेतली. बीएस-४ डिझेलला धुराच्या काळेपणाची मर्यादा १.६२. आकडा आला २.४. नापास.

कारण रीमॅप. ओढ वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून डिझेल जास्त सोडलेलं. उगाच फिल्टर आणि इंजेक्टर क्लीनर यांच्या मागं लागून दोन दिवस घालवले असते, पण पीयूसीवाल्या मुलानंच ॲक्सिलरेटर दाबल्या-दाबल्या येणारा काळा झोत बघून सांगितलं. मूळ प्रोग्रॅम पुन्हा चढवायला ४,५००.

१२ जुलै, शनिवार

पुन्हा चाचणी. ०.९. पास. मायलेज लिटरला १५ वरून १९ च्या आसपास आलंय, पण त्यात चाकांचा खोटा काटाही होता, म्हणून हा आकडा जपून घ्या.

१९ जुलै, शनिवार

एअरबॅग बसली. हे काम मी बघितलं, हात लावला नाही आणि कोणीही घरी लावू नये. बॅटरीची वायर काढून थांबतात, मग जुनं स्टिअरिंग उतरवतात. रेझिस्टर काढून मला हातात दिला. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. शेवटी स्कॅनर लावून जुने दोष पुसले, ड्रायव्हर आणि शेजारचा, दोन्ही सर्किट नीट दाखवली.

विम्याच्या एजंटला गाडीचे फोटो, पावत्या पाठवल्या. पॉलिसीत यातला एकही बदल लिहिलेला नव्हता. अशा गाडीचा अपघात झाला असता तर क्लेमसाठी भांडत बसावं लागलं असतं, असं त्यानं स्पष्ट सांगितलं.

रात्री ताई गाडी घेऊन ड्युटीला गेली. पावणेबाराला पोचल्याचा मेसेज आला.

२६ जुलै, शनिवार

उच्च सुरक्षा प्लेट. गुरुवारी, दिलेल्या तारखेला गेलो तर मागची प्लेट आली नव्हती, अर्धा दिवस रजा वाया. दोन दिवसांनी, आज, दोन्ही बसल्या. अशोकचक्राचा होलोग्रॅम, लेझरनं कोरलेला क्रमांक, आणि स्नॅप लॉक, जे उघडायचं म्हणजे तोडावंच लागतं. पुढच्या काचेला आतून डिझेलचा नारिंगी स्टिकर. मुदत तेव्हा १५ ऑगस्टपर्यंत वाढवली होती, पण केंद्रावरची गर्दी बघता थांबू नका.

१० ऑगस्ट, रविवार

हिशोब. सुट्या खर्चात वर लिहिलेलं सगळं, दंडाचे ३,५०० आणि आधीच्या मालकाच्या चलनांचे ५,५०० धरून १ लाख २८ हजार ३७९. सोळा इंची चाकं टायरसकट १८,००० ला गेली, ती वजा केली तर १ लाख १० हजारांच्या वर. एकूण गाडी पाच लाखांना पडली. एवढ्यात कोणी हात न लावलेली स्विफ्ट आरामात आली असती.

दुपारी अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा मामांच्या गॅरेजात आला. कोपऱ्यातली सरळ नळी त्यानं बघितली होती. सहा हजार द्यायला तयार होता, पैसे खिशातच. मला त्या सहा हजारांची गरज आहे, हे इथं लिहायला लाज नाही. मी त्याला विचारलं, गाडी कोण कोण चालवतं? म्हणाला, मी आणि पप्पा. मी त्याला रेझिस्टर दाखवला, कुठून निघाला ते सांगितलं. त्याला ते फार पटलं असं वाटलं नाही. तो बुलेटसारखा आवाज कसा येतो, हेच विचारत राहिला.

तो गेल्यावर मामांनी ग्राइंडर लावला आणि नळीचे तीन तुकडे केले. स्टिअरिंग, गार्ड, नळी, कापलेल्या स्प्रिंगा, सगळं भंगारात वजनावर घातलं. ६१० रुपये आले. मामांनी त्यातून चहा सांगितला.

१७ ऑगस्ट, रविवार

आज मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन. शहरभर बंदोबस्त. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचं होतं, वाटेत चार ठिकाणी पोलीस उभे होते. दसरा चौकाच्या अलीकडं एका हवालदारानं हात केला, माझा पाय ब्रेकवर गेला, आणि तो हात मागच्या मोटारसायकलीला होता. आईनं विचारलं, “थांबलास का?”

मागच्या काचेच्या पाच तारांपैकी तीन जोडल्या गेल्या. दोन अजून गरम होत नाहीत, पेंटचा थर पातळ बसलाय. पाऊस उघडला की काच स्पिरिटनं पुसून पुन्हा लावतो.